इनासचा आवाज

शिरोडा,
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय वेनी,

तुझ्या त्या डोंगरावर फोन लागत नाही, आणि लागला तरी अलीकडे मला चार वाक्यं सलग बोलवत नाहीत. म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढू नकोस.

माझ्या श्वासात काहीतरी वाजतं हे आधी ह्यांना कळलं. मे महिन्यात एकदा ओसरीवर मी तांदूळ निवडत होते, हे शेजारी बसले होते. म्हणाले, "इनास, तुझ्या श्वासात शिटी वाजता." मी हसण्यावारी नेलं. काचबिंदूने ह्यांची दृष्टी गेल्यापासून ह्यांना मुंगी चाललेलीही ऐकू येते. पण पुढे दम लागायला लागला. इथल्या डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात ओढायचा पंप दिला. अख्खा पावसाळा तो ओढला, फरक नाही. आवाजही घोगरा झाला.

मग गेल्या आठवड्यात पाहुण्यांना भाड्याने देतो त्या खोल्यांतल्या चादरी वाळत घालत होते. दोन्ही हात वर केले आणि तोंड एकदम तापलं, डोळ्यांपुढे काळोख आला. तिथेच दगडावर बसले. मथुरा शेजारून धावत आली म्हणून बरं. तिनेच हट्टाने सावंतवाडीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. छातीच्या मधल्या हाडामागे मोठी सावली आहे आणि श्वासाची नळी एका बाजूला ढकलली गेली आहे. माझ्या गळ्यावरचा जुना व्रण पाहून त्यांनी विचारलं, "हे कसलं?" मी सांगितलं, लग्नाआधी बेळगावला गाठ काढली होती. तुला आठवत असेल, तू तेव्हा आठवीत होतीस.

ते म्हणाले, ही तीच असावी.

गळ्यातली काढून टाकलेली गाठ छातीत कशी येते, वेनी? तू नर्स आहेस, तूच सांग. आता गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात जायचं आहे.

तुझी,
इनासबाय


सेंट मार्था मिशन, कोरापुट जिल्हा,
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाय,

तुझं पत्र काल खालून येणाऱ्या जीपबरोबर आलं. दवाखान्याच्या पायरीवरच वाचून काढलं.

घाबरू नकोस. ती गाठ पुन्हा आलेली नाही, बहुतेक ती पहिल्यापासूनच तिथे असणार. थायरॉईडची ग्रंथी गळ्यात असते, पण काही माणसांत तिचा एखादा तुकडा खाली छातीत असतो. बेळगावच्या डॉक्टरांनी गळ्यातली काढली, छातीतल्या तुकड्याचा कुणाला पत्ताही नसेल. त्या काळी कोण एवढे फोटो काढत होतं? तो तुकडा इतकी वर्षं हळूहळू वाढत राहिला आणि आता नळीवर दाब देतो आहे. म्हणून पंपाने काही झालं नाही.

अशा गाठी बहुतेक वेळा गळ्याच्याच वाटेने वर ओढून काढता येतात. छाती उघडावी लागत नाही. आठवडाभरात तू घरी येशील, आणि लोक व्रण बघतील म्हणून पदर लपेटून बसशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मला निघता येत नाही गं. वसतिगृहातल्या मुली मलेरियाने ओळीने पडल्या आहेत. सुई टोचता येणारी इथे मी एकटीच. भावोजींना सांग, सगळं नीट होईल.

तुझी,
वेनी


शिरोडा,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय वेनी,

तू लिहिलंस तसं नाही निघालं.

गोव्यात छातीचा मोठा स्कॅन केला. मग दोन डॉक्टर एकदम बसले, एक गळ्याचे आणि एक छातीचे. छातीच्या डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. म्हणाले, ही गाठ गळ्यातून खाली लोंबलेली नाही, ती छातीतच वाढली आहे. तिला रक्तही छातीतल्याच शिरांतून मिळतं. वरून ओढली आणि आत रक्त सुटलं, तर तिथे हात पोचायचा नाही. मधलं हाड उभं कापूनच आत जावं लागेल. गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली आहे, आणि आवाजाची डावी नस तिच्यातूनच गेलेली दिसते.

मी विचारलं, "नाहीच केलं तर?"

"नळी दाबत जाईल," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी साधी सर्दी होईल आणि श्वास मिळणार नाही."

"आणि केलं तर आवाज?"

त्यांनी फोटो खाली ठेवला. मग म्हणाले, "वाचवायचा प्रयत्न करू. हमी देत नाही."

हे बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर येऊन सांगितलं, साधं आहे, गळ्यातून काढणार आहेत.

तू म्हणशील खोटं का बोलले. वेनी, तू ह्यांना दिसत होतं तेव्हाचं आमचं घर पाहिलं आहेस. आताचं नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून मी बोलत असते. खुर्ची सरकवली हा. चहा उजव्या हाताक. पायरी इली. आज समुद्र शांत आसा, मथुराच्या दारात मांजर बसला हा. गावातल्या बायका म्हणतात, इनासचं तोंड बंद होत नाही. आम्हांला मूल नाही, दुसरं कोणी बोलणारं घरात नाही. गेली सात-आठ वर्षं ह्यांना जे काही दिसतं ते माझ्या तोंडून दिसतं. ते जाईल हे मी कुठल्या शब्दांत सांगू?

जानेवारीतली तारीख दिली आहे.

इनास


कोरापुट,
५ डिसेंबर २०२४

प्रिय बाय,

मी उगाच धीर देत बसले. इथल्या दवाखान्यात ताप आणि बाळंतपणं सोडून मी फारसं काही पाहिलेलं नाही, हे लिहिताना विसरले.

पण एक ऐक. भावोजींना सांग. आंधळा झाला म्हणून माणूस लहान मूल होत नाही. त्यांनी आयुष्यभर टॅक्सी चालवली, अपघात पाहिले, मेलेली माणसं उचलली. त्यांना पेलेल. तुझा आवाज राहिलाच नाही आणि ते तयारच नसले, तर ते कसं होईल याचा विचार कर. आवाज आहे तोवर तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मी मदर सुपीरियरना भेटले. त्या म्हणाल्या, बदली नर्स ईस्टरनंतर येईल, तोवर तू गेलीस तर इथल्या मुलींचं काय? त्या बरोबर आहेत, हेच वाईट आहे. रोज चॅपलमध्ये तुझं नाव घेते. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही आणि मला स्वतःची चीड येते.

वेनी


शिरोडा,
२२ जानेवारी २०२५

प्रिय वेनी,

ठरलेल्या तारखेला आम्ही गोव्याला पोचलो आणि परत आलो. अपघाताचा कोणी आला, छातीचे डॉक्टर त्याच्यात अडकले. पुढची तारीखही तशीच गेली. कोणाचा दोष नाही. पण परतीच्या वाटेवर आपण दुकानातून परत पाठवलेली वस्तू आहोत असं वाटतं.

आता मला आडवं होता येत नाही. टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकते आणि तशीच झोपते. भात गिळताना अडकतो, पेजेवर आहे. पाहुणे घेणं बंद केलं.

तू सांग म्हणालीस. परवा जेवताना ठरवलं, आता सांगायचं. मी म्हटलं, "ऐकतात काय?" ह्यांनी घास हातात धरून माझ्याकडे तोंड केलं. वेनी, तसंच तोंड करतात ते नेहमी, आवाज येतो तिकडे, जणू दिसतंच आहे. मी म्हटलं, "मीठ जास्त पडला हा आज."

ते म्हणाले, "बरा आसा."

सोमवारी पुन्हा निघतो. या वेळी घेतील म्हणतात.

इनास


शिरोडा,
९ फेब्रुवारी २०२५

वेनी बाय,

मी कुस्तोदियो, तुझो भावोजी. अक्षर मथुराचा. तिका सांगलंय, मी बोलतंय तसाच लिही, सुधारू नको. एका दिवसापुरतो घराक इलंय.

इनास जिवंत आसा. ता पयला लिवूक सांगलंय, कित्याक तू ताच सोधतलस.

ऑपरेशन सकाळी सुरू झाला ता सांजेक संपला. पयली गळ्याकडसून बघल्यानी. गाठ हालना नाय. मगे छातीचा हाड कापल्यानी. गाठ काढली. पण एक बारीक तुकडो मोठ्या शिरेक चिकटलेलो, तो तसोच ठेवलो. ओढलो असतो तर ती टेबलारच गेली असती, असा डॉक्टर म्हणालो. आवाजाची नस गाठीच्या पोटात गावली. ती वाचली नाय. आणि श्वासाची नळी इतकी वर्सा चेपान मऊ पडली हा, आपल्या बळार उघडी रवना नाय. म्हणान गळ्याक भोक पाडून दुसरी नळी घातली हा. तेच्यातसून ती श्वास घेता. बोलूक येना नाय.

माका आत सोडतत. मी हात धरून बसतंय. ती बोटा दाबता. काय म्हणता ता माका कळना नाय. नर्स म्हणता, ती कागदार लिवता. कागदार लिवलेला माका काय उपेग?

आता एक सांगतंय, ता तिका सांगू नको. माका सगळा म्हायत होता. गोव्यातल्या त्या डॉक्टराच्या खोलीक दार नाय, पडदो आसा. मी बाकार बसान सगळा ऐकलंय. हाड कापूचा, नस, आवाज. मगे ती भायर इली आणि म्हणाली, साधा आसा. तिका माका सांगूचा नव्हता. मगे मी कित्याक इचारू? मी बरा म्हटलंय.

जाताना गाडयेत ती सारखी बोलत होती. आरोंद्याचो पूल इलो. खाडयेत होडी हत. रस्त्यार म्हशी बसल्या हत, गाडीवालो हॉर्न मारता पण उठनत नाय. कोणाच्या तरी अंगणात लगीन आसा, मांडव घातलो हा. तिका दम लागत होतो. मी म्हटलंय, "गप रव गो, दमतलस." ती म्हणाली, "माका बरा वाटता." माका कळत होता ती कित्याक बोलता. ती वाट मी टॅक्सी घेवन हजारदा केलंय, वळाण वळाण माका म्हायत आसा. तरी मी इचारी, "आता काय दिसता?" आणि ती सांगी.

माका म्हायत आसा असा मी म्हटलंय असतंय, तर ती रडली असती. रडाक तरी तिच्याकडे श्वास खंय होतो?

ऑपरेशनाक आत नेताना डॉक्टरांनी सांगल्यानी, काय बोलूचा ता बोलून घेया. ती म्हणाली, "पाण्याच्या टाकयेचो कॉक बंद केल्लो मां?" मी म्हटलंय, "व्हय." मगे ट्रॉली गेली. माका वाटला होता, ती माका एकदा हाक मारतली.

मथुरा रडता हा. मी थांबतंय.

कुस्तोदियो


कोरापुट,
२४ फेब्रुवारी २०२५

मथुराबाई,

हे पत्र भावोजींना वाचून दाखवा, बाय जवळ नसताना.

भावोजी, तुमचं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही सांगितलेलं मी बायला सांगणार नाही. पण तिने मला नोव्हेंबरपासून किती वेळा लिहिलं, की तुम्हाला कसं सांगू, आणि मी तिला किती आग्रह केला, की सांग. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही दोघं एकाच टेबलावर बसून एकमेकांना जपत होता आणि मी इथून शहाणपण शिकवत होते.

नळी काही आठवड्यांत निघते बहुतेकांची. बोटं सुन्न पडतात असं तिने खुणेने सांगितलं, किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, तर नर्सना लगेच सांगा. कॅल्शियम उतरलेलं असतं. एवढं एकच मी खात्रीने सांगू शकते.

वेनी


शिरोडा,
३० मार्च २०२५

प्रिय वेनी,

मी घरी आहे. गळ्यातली नळी काढली, भोक मिटत आलं आहे. छातीवर गळ्यापासून खालपर्यंत शिवण आहे, खोकताना उशी छातीशी धरावी लागते. आता आडवी झोपते. श्वास पूर्ण आत जातो, वेनी. विसरलेच होते मी तो कसा असतो ते.

गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आनंदाने सांगितलं, कॅन्सर नाही. साधी थायरॉईड, निरोगी. मी कागद मागून घेतला आणि लिहिलं, "निरोगी?" ते म्हणाले, "हो, अगदी चांगली, काम करणारी ग्रंथी. फक्त नको त्या जागी होती." आता तिचं काम गोळी करणार, जन्मभर. शिरेवर राहिलेला तुकडा तसाच राहणार. दर वर्षी फोटो काढून बघायचा, वाढतो का. वाढला तर काय, असं मी लिहिलं नाही.

आवाज नाही. तोंड उघडलं की नुसता वारा येतो. डॉक्टर म्हणतात, दुसरी बाजू थोडं सांभाळून घेईल, वर्षभरात काही सूर येईल. किंवा नाही येणार.

मी टाळी वाजवते. टाळी ऐकली की हे जागच्या जागी उभे राहतात. पण पुढे बादली आहे की पायरी, हे टाळी सांगत नाही. परवा मी पेज चुलीवरून उतरवून खाली ठेवली होती आणि हे पाणी प्यायला आत आले. मी टाळी वाजवायच्या आत पाय लागला. भाजलं नाही फार. मी त्यांच्याकडे बघत होते, तोंड उघडं होतं माझं, सगळं ओरडत होते, आणि घरात काहीही ऐकू आलं नाही.

कानाशी तोंड नेलं की कुजबुज पोचते. शब्द कळतात त्यांना. पहिल्या दिवशी मी कानात म्हटलं, "मी हंयसर आसंय." त्यांनी कान आणखी जवळ आणला. मग म्हणाले, "कुजबुजीत माणूस वळखूक येना नाय गो. कोणीय आसू शकता."

ते वाईट वाटावं म्हणून बोलले नाहीत. जे आहे ते सांगितलं. मथुरा अंगणातून "कुस्तोदियो, जेवलंस?" म्हणते तेव्हा हे लगेच तिकडे वळतात. मी खांद्याला हात लावला की दचकतात.

इनास


कोरापुट,
२४ एप्रिल २०२५

प्रिय बाय,

नवी नर्स आली. मदरनी मला पावसाळा लागेपर्यंतची सुट्टी दिली आहे. एवढ्या महिन्यांनी मिळाली, आणि आता कळत नाही की मी येऊन काय करू. ऑपरेशन झालं, जखम भरली. मला जे येतं त्याची तुला आता गरज नाही. तुम्हाला दोघांना तुमची तुमची वाट सापडत असेल आणि मी मध्येच येऊन बडबड करायची, हे बरं का?

तेच विचारायला मी काल डोंगर उतरून तालुक्याला गेले आणि फोन केला. भावोजींनी उचलला. मी "हॅलो, बाय कशी आहे?" म्हटलं. ते म्हणाले, "इनास?" मी म्हटलं, "भावोजी, मी वेनी." आणि लाईन तुटली. पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. रेंजचं हे असंच असतं इकडे.

म्हणून आता लिहिते. येऊ का? खरं सांग.

वेनी


शिरोडा,
६ मे २०२५

प्रिय वेनी,

लाईन तुटली नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात भाताचं भांडं होतं. फोन मला उचलून उपयोग नाही, म्हणून तो ह्यांच्या खुर्चीजवळच्या खिडकीत ठेवतो. वाजला, ह्यांनी कानाला लावला. आणि ते उभे राहिले. पटकन, कशाला न धरता, ऑपरेशनच्या आधी उठत तसे. तोंड सगळं उघडलं त्यांचं. "इनास?" म्हणाले. जत्रेत हरवलेलं माणूस सापडल्यावर म्हणतात तसं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते, वेनी.

मग तू तुझं नाव सांगितलं असशील. ते खाली बसले, चाचपून बटण दाबलं आणि फोन खिडकीत ठेवला. पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी उचलला नाही. मीही नाही.

बाबा आपल्या दोघींच्या आवाजात नेहमी फसायचे. परसातून तू हाक मारलीस की मला ओ द्यायचे. मी ते साफ विसरले होते. तुलाही आठवत नसेल, कारण तिकडे तुझा आवाज ऐकून कोणाला माझी आठवण येणार?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला उत्तर लिहिलं, येऊ नकोस. कारण काहीतरी दिलं होतं, उकाडा, खोल्यांची डागडुजी. खरं सांगायचं तर मला तुझा राग आला होता. माझ्या घरात माझा आवाज फिरणार आणि तो माझ्या तोंडून येणार नाही, हे मला बघवलं नसतं. ते पत्र पाकिटात घालून दोन दिवस ठेवलं होतं.

परवा दुपारी हे म्हणाले, "वेनी येवची होती मां?" माझ्याकडे तोंड न करता विचारलं, समुद्राकडे करून. मी जवळ गेले, कानात म्हटलं, "येऊंदे?"

ते म्हणाले, "तुका त्रास होतलो तर नको."

म्हणजे मी दारात उभी होते हे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले. मग त्यांनी मला तो पडदा सांगितला, गोव्याच्या डॉक्टरांच्या खोलीचा. तुला त्यांनी कळवलं होतं, हेही सांगितलं. मी त्यांचा हात घेऊन माझ्या तोंडावर ठेवला, तेव्हा त्यांना कळलं मी रडते आहे. आवाज तर त्यालाही नाही.

ते पत्र मी चुलीत घातलं. तू ये.

आलीस की माझ्याशी कुजबुजून बोलत बसू नकोस. मोठ्याने बोल. पायरी आली की पायरी म्हण, चहा कुठल्या हाताला आहे ते सांग, होड्या आल्या का, म्हशी कुठे बसल्या आहेत, सगळं सांग. त्यांना हाक मार. भावोजी म्हणू नकोस, तेवढं माझ्यासाठी कर, नाव घेऊन मार.

आवाज येतो तिकडे ते तोंड करतात. तेव्हा मी तुझ्या पाठीमागे येऊन उभी राहीन, म्हणजे ते माझ्याकडे बघत असतील.

तुझी,
इनासबाय